स्कोअरपट्टी पडद्यावर येते कशी, आणि नाशिकच्या मैदानावर ती स्वतः कशी उभी करायची

मॅच टीव्हीवर बघताना पडद्याच्या तळाशी जी स्कोअरपट्टी दिसते, ती कॅमेऱ्याने टिपलेली नसते. चित्र एका वाटेने येतं, आकडे दुसऱ्या वाटेने येतात, आणि प्रेक्षकाकडे निघण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर दोघांची गाठ पडते. ही गाठ कुठे आणि कशी पडते हे समजलं, की मोठ्या ओबी व्हॅनमध्ये (मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रसारणाच्या गाडीत) चालणाऱ्या कामाचा गाभा एका लॅपटॉपवरही उभा करता येतो.

नाशिक जिल्ह्यात टेनिस बॉल स्पर्धा यूट्यूबवर लाईव्ह दाखवणारी पोरं आता बरीच आहेत. सिडको, सातपूर, आडगाव, निफाड, दिंडोरी, सिन्नर. थंडी सुरू झाली की मैदानं गजबजतात. कॅमेरे चांगले असतात, कॉमेंट्री खणखणीत असते. कमी पडते ती पट्टी. कधी स्कोअर दोन बॉल मागे, कधी रनरेट चुकीचा, कधी खेळाडूच्या नावाची वेलांटी कापलेली. पुण्यात नोकरीला असलेला भाऊ कामातून दोन मिनिटं काढून मोबाइल उघडतो, तो आधी आकडा बघायला. म्हणून या लेखाचा क्रम तसाच आहे: आधी आकडा बरोबर, मग तो वेळेवर, मग तो वाचता येईल असा. सजावट सगळ्यात शेवटी.

टीव्हीवर एका चौकाराचं काय होतं

बॉल सीमारेषेबाहेर गेला. अंपायरने हात हलवून चौकाराची खूण केली. स्कोअररने आपल्या संगणकावर ‘चार’ दाबलं. या एका नोंदीतून संघाच्या धावा, बॅट्समनच्या धावा, त्याने खेळलेले बॉल, बॉलरचे आकडे, ओव्हरमधला बॉल आणि हवा असलेला रनरेट, सगळं एकदम बदलतं. हे आकडे केबलने ओबी व्हॅनमधल्या ग्राफिक्सच्या मशीनकडे जातात. तिथे पट्टीचा साचा आधीच तयार असतो. त्यात रिकाम्या जागा असतात आणि आकडे येऊन त्यात बसतात. सामना चालू असताना कोणी पट्टी ‘डिझाइन’ करत बसत नाही.

हे मशीन म्हणजे व्हिझआरटी, कायरॉन किंवा रॉस एक्सप्रेशनसारखी प्रणाली. कॅस्परसीजी नावाची प्रणाली स्वीडनच्या सार्वजनिक वाहिनीने, एसव्हीटीने, स्वतःसाठी बनवली आणि पुढे सगळ्यांसाठी मोफत खुली केली. शिकणाऱ्याने ती जरूर उघडून बघावी.

आता गाठ कशी पडते ते. ग्राफिक्सचं मशीन एक नाही, दोन सिग्नल बाहेर काढतं. पहिला ‘फिल’: पट्टीचे रंग, अक्षरं, लोगो. दुसरा ‘की’: त्याच पट्टीचं काळं-पांढरं रूप. जिथे की पांढरी, तिथे पट्टी पूर्ण दिसते. जिथे काळी, तिथे मागचं मैदान दिसतं. जिथे करडी, तिथे दोन्ही मिसळतात, म्हणून पट्टीची सावली किंवा अर्धपारदर्शक कडा शक्य होते. रांगोळीच्या छाप्याचं काम ही की करते: रंग कुठे पडू द्यायचा आणि कुठे नाही, ते ती ठरवते.

ही की लावण्याची जागा महत्त्वाची. व्हिजन मिक्सरवर, म्हणजे कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेर जाईल ते निवडणाऱ्या यंत्रावर, कॅमेरा एकवरून कॅमेरा चारवर कट झाल्यानंतर, सगळ्यात शेवटी पट्टी वर बसते. या शेवटच्या थराला डाउनस्ट्रीम कीअर म्हणतात. म्हणूनच दृश्य बदललं तरी पट्टी जागची हलत नाही. पट्टी बसण्याआधीचं स्वच्छ चित्र वेगळं काढून ठेवतात, त्याला क्लीन फीड म्हणतात. एकच सामना वेगवेगळ्या वाहिन्यांवर वेगवेगळ्या पट्ट्यांसह दिसू शकतो तो यामुळे.

पडद्यावरच्या ग्राफिक्सचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो फार सुंदर आहे. जमिनीला चिकटलेलं ग्राफिक. २७ सप्टेंबर १९९८ रोजी अमेरिकेत ईएसपीएनवर अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात मैदानावर आखल्यासारखी पिवळी रेघ दिसली. प्रत्यक्षात मैदानावर काही नव्हतं. कॅमेऱ्याच्या स्टँडला आणि लेन्सला बसवलेले सेन्सर कॅमेरा किती वळला, किती झुकला, झूम किती झाला हे संगणकाला सतत कळवत होते. संगणकाकडे मैदानाचा त्रिमितीय नकाशा होता, त्यामुळे रेघ कुठे पडायला हवी ते प्रत्येक फ्रेमसाठी तो काढत होता. खेळाडू रेघेवर उभा राहिला की रेघ त्याच्या पायाखाली जाई, कारण गवताचे आणि मातीचे रंग तेवढे ‘रंगवण्याजोगे’ म्हणून आधीच निवडलेले होते. जर्सीचा रंग त्या यादीत नव्हता. क्रिकेटमधलं हॉक-आय वेगळ्या तत्त्वावर चालतं: मैदानाभोवतीचे बरेच कॅमेरे बॉलची जागा टिपतात आणि त्यावरून त्याचा मार्ग बांधला जातो. टीव्हीवर ते २००१ मध्ये इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत आलं. हे दोन्ही आपल्या गावच्या स्पर्धेच्या आवाक्याबाहेरचं आहे. कॅमेऱ्याला सेन्सर नसताना जमिनीवर लोगो चिकटवायचा प्रयत्न करू नका. कॅमेरा हलला की लोगो तरंगतो आणि सगळं प्रसारण कच्चं वाटतं.

सुरुवात आकड्यांपासून

डिझाइन उघडण्याआधी हे ठरवा: स्कोअर कोण भरणार, आणि एकाच ठिकाणी भरणार ना? कॉमेंटेटरचा स्कोअर वेगळा, बोर्डवरचा वेगळा आणि पट्टीवरचा वेगळा, हे बऱ्याच मैदानांवर दिसतं. एकाच माणसाची नोंद खरी मानायची आणि बाकी सगळ्यांनी ती बघायची. कागदी स्कोअरबुक चालू ठेवाच. लॅपटॉप बंद पडला तर तेवढाच आधार उरतो.

नोंद एक्सेलमध्ये करा, स्कोअरिंगच्या अॅपमध्ये करा किंवा स्वतः बनवलेल्या साध्या वेबपेजवर करा. बॉल हा मूळ घटक धरा, ओव्हर नव्हे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ५.३ ओव्हर म्हणजे पाच दशांश तीन नाही, तर पाच ओव्हर आणि तीन बॉल, म्हणजे ३३ बॉल. समजा आठ ओव्हरच्या सामन्यात ५.३ ओव्हरमध्ये ५२ धावा झाल्यात. ५२ भागिले ३३, गुणिले ६, म्हणजे रनरेट ९.४५. एक्सेलमध्ये कोणी सरळ ५२ भागिले ५.३ केलं, तर ९.८१ येतो, आणि तो चुकीचा आकडा हजारभर लोकांसमोर झळकतो. लक्ष्य ८१ असेल तर उरले १५ बॉल आणि हव्यात २९ धावा, म्हणजे हवा असलेला रनरेट ११.६०. छोट्या सामन्यात मात्र रनरेटपेक्षा ‘१५ बॉलमध्ये २९’ हेच लिहा. प्रेक्षकाच्या डोक्यात हिशोब तसाच चाललेला असतो.

जादा धावांचे नियमही सूत्रात आधीच घाला. वाइड हा बॅट्समनने खेळलेला बॉल नाही. नोबॉल त्याच्या खात्यात खेळलेला बॉल म्हणून धरतात, पण ओव्हरमध्ये दोन्ही मोजत नाहीत. बाय आणि लेगबाय संघाला मिळतात, बॅट्समनला नाही, आणि बॉलरच्या नावावरही लागत नाहीत. टेनिस बॉलमध्ये आयोजकांचे स्वतःचे नियम असतात. ते सामन्याआधी कागदावर लिहून घ्या. आणि ‘मागे घ्या’ हे बटण मोठं, ठळक असू द्या. अंपायर निर्णय बदलतो, स्कोअररचं बोट चुकतं. दुरुस्ती दोन सेकंदांत झाली पाहिजे.

लॅपटॉपवर जोडणी

चित्र, आवाज आणि पट्टी एकत्र करून लाईव्ह पाठवणारं ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला पुरतं. त्याच कामाचं व्हीमिक्स विकत घ्यावं लागतं, फक्त विंडोजवर चालतं, पण त्यात एक्सेलमधला आकडा थेट पट्टीच्या रकान्यात बांधायची सोय तयार मिळते. सुरुवात ओबीएसने करा.

कॅमेऱ्याची एचडीएमआय केबल कॅप्चर कार्डला (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण), कार्ड लॅपटॉपला. ओबीएसमध्ये त्याचा एक सोर्स, म्हणजे चित्राचा एक थर. त्याच्या वर ‘ब्राउझर’ प्रकारचा दुसरा सोर्स घ्या, रुंदी १९२० आणि उंची १०८०. यादीत जो सोर्स वर, तो चित्रातही वर. ब्राउझर सोर्सच्या आत क्रोमियम, म्हणजे क्रोम ब्राउझरचा गाभा, चालतं, म्हणजे तुमची पट्टी हे खरं तर एक वेबपेज आहे. त्याची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवली की टीव्हीवरची फिल आणि की यांचं काम इथे आपोआप होतं, कारण वेबपेजच्या प्रत्येक ठिपक्याला रंगाबरोबर पारदर्शकताही असते.

पट्टी प्रत्येक कॅमेऱ्याच्या सीनमध्ये (सोर्सच्या तयार मांडणीत) वेगळी टाकू नका. एक ‘पट्टी’ नावाचा सीन करा आणि तोच बाकी सीनमध्ये सोर्स म्हणून वापरा. एका ठिकाणी बदल केला की सगळीकडे होतो.

आकडे पट्टीपर्यंत पोचवताना पुष्कळ जण गूगल शीट वापरतात. शीट वेबवर प्रकाशित करून ती नक्कल वाचत असाल तर सावध राहा, ती ताजी व्हायला काही मिनिटं लागू शकतात. त्यापेक्षा एक साधा राउटर मैदानावर लावा. त्याला इंटरनेट नसलं तरी चालतं. पट्टीचं पेज आणि नोंदीचं पेज दोन्ही ओबीएसच्या लॅपटॉपवरच चालवा, आणि स्कोअररच्या मोबाइलवरून त्या राउटरद्वारे नोंदीचं पेज उघडा. मैदानातल्या मैदानात फिरणारा आकडा इंटरनेटच्या वाऱ्यावर सोडायचा नाही. गर्दीत शेकडो मोबाइल असतात आणि २.४ गिगाहर्ट्झची वायफाय गुदमरते. ५ गिगाहर्ट्झ वापरा. स्कोअररचं टेबल जवळ असेल तर सरळ लॅन केबल टाका. एमजी रोडवर हवी तेवढ्या लांबीची टोकं लावून मिळते.

इंटरनेट लागतं ते फक्त बाहेर पाठवायला. १०८० च्या चित्रासाठी मी ६ एमबीपीएस ठेवतो, आणि अपलोड त्याच्या दुप्पट मिळत असेल तरच. नाहीतर ७२० वर उतरा. अडखळणाऱ्या १०८० पेक्षा सलग चालणारं ७२० कधीही चांगलं. लॅपटॉप, राउटर आणि कॅप्चर कार्ड यूपीएसवर घ्या, कारण संध्याकाळी लाइट गेले आणि जनरेटर सुरू होईपर्यंत मिनिटभर गेलं, तर तेवढ्यात स्ट्रीम तुटते.

वाचता येईल अशी पट्टी

युरोपीय प्रसारण संघटनेच्या शिफारशीनुसार मजकूर चारही कडांपासून ५ टक्के आत ठेवतात. १९२० बाय १०८० मध्ये हे बाजूंनी ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल होतात. ओबीएसमध्ये सुरक्षित सीमांच्या रेघा दाखवायची सोय आहे, ती चालू करून घ्या.

बहुतेक प्रेक्षक मोबाइलवर आहेत हे गृहीत धरा. १०८० च्या चौकटीत ३६ पिक्सेलपेक्षा लहान अक्षर ठेवू नका, आणि संघाचा स्कोअर त्याच्या दीडपट तरी मोठा हवा. तपासायची पद्धत सोपी: पट्टीचा स्क्रीनशॉट स्वतःच्या मोबाइलवर पाठवा, मोबाइल हातभर लांब धरा आणि ब्राइटनेस अर्धा करा. स्कोअर एका नजरेत कळला नाही तर तो लहान आहे. लहान आकारात देवनागरी १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, म्हणून देवनागरी अंक वापरायचे तर जाड आणि मोठे वापरा. मराठी प्रसारणात ते वापरावेत असं मला मनापासून वाटतं. गावच्या स्पर्धेला ते शोभतात. फॉन्ट असा निवडा ज्यात सगळे अंक समान रुंदीचे आहेत, नाहीतर घड्याळ चालताना अख्खा आकडा डावी-उजवीकडे थरथरतो.

मराठी नावांसाठी चार गोष्टी. एक, युनिकोड फॉन्टच घ्या; मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी हे मोफत आहेत. फ्लेक्सच्या दुकानात चालणारे जुने फॉन्ट पट्टीत आले की नावाच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. दोन, ओबीएसच्या फ्रीटाइप मजकूर सोर्समध्ये जोडाक्षरं मोडू शकतात. ब्राउझर सोर्समध्ये ती नीट बसतात. तीन, अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी नावांना ते छान दिसतं, पण आपल्याकडे शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. चार, ओळीची उंची सढळ ठेवा. ‘कुऱ्हाडे’, ‘शिर्के’, ‘गांगुर्डे’, ‘मौर्य’ ही नावं टाकून बघा: वरचे रफार आणि मात्रा, खालचे उकार सगळे शाबूत राहिले तर पट्टी तयार. एखाद्या पोराचं नाव आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर येतंय. ते शुद्ध आणि पूर्ण यायला हवं. सामन्याआधी संघाच्या कप्तानाला नावांची यादी दाखवून मगच ती पक्की करा.

रंगाचं म्हणाल, तर दुपारच्या उन्हात मैदान फार उजळ दिसतं, आणि त्यावर पांढरी किंवा फिकट पट्टी हरवते. गडद पट्टी, उजळ अक्षर हे कुठेही चालतं. एक-एक पिक्सेलच्या बारीक रेघा टाळा, दाबलेल्या व्हिडिओत त्या लुकलुकतात.

वेळ जुळवणं

कॅमेऱ्यातून लॅपटॉपवर येईपर्यंत चित्राला थोडा उशीर होतोच. केबलने आलेल्या चित्राला तो जाणवण्याइतका नसतो. वायफायवरून येणाऱ्या मोबाइल कॅमेऱ्याला मात्र एक-दोन सेकंदही लागू शकतात. स्कोअरर मैदान डोळ्यांनी बघतो, तो विकेट लगेच दाबतो, आणि प्रेक्षकाला बॉलर धावत येतानाच विकेट पडलेली दिसते. सामन्याचा सगळा रस तिथेच संपतो.

उशीर मोजायचा असा. एका मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करा, तो कॅमेऱ्यासमोर धरा, आणि ओबीएसचा पडदा व तो मोबाइल दोन्ही एका फोटोत येतील असा फोटो काढा. दोन वेळांतला फरक म्हणजे तुमचा उशीर. अर्ध्या सेकंदापर्यंत काही करायची गरज नाही, स्कोअररला बटण दाबायलाच तेवढा वेळ लागतो. त्याहून जास्त असेल तर नोंदीच्या पेजमध्ये तेवढा थांबा घाला, किंवा स्कोअररला मैदानाऐवजी ओबीएसच्या चित्राकडे बघून नोंद करायला बसवा. आकडा क्षणभर उशिरा आला तर चालतो, आधी आलेला कधीच चालत नाही. यूट्यूबवर प्रेक्षकाला सगळं आणखी काही सेकंदांनी दिसतं, त्याची चिंता नको. चित्र आणि पट्टी तिथे एकत्रच पोचतात.

रात्रीच्या सामन्यात आणखी एक गोष्ट. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून फ्लडलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेमवर असेल तर चित्रात उजेडाच्या लाटा फिरतात आणि स्थिर पट्टीच्या शेजारी त्या अधिकच खुपतात. कॅमेरा आणि ओबीएस दोन्ही २५ किंवा ५० फ्रेमवर ठेवा, शटर १/५० किंवा १/१००.

कबड्डी असेल तर

क्रिकेटमध्ये आकडा घटनेनंतर बदलतो. कबड्डीत घड्याळ सतत पळतं. रेड ३० सेकंदांची. हे सेकंद एकेक करून वायफायवरून पाठवले तर घड्याळ अडखळतं. म्हणून घड्याळ पट्टीच्या पेजमध्येच चालू द्या. बाहेरून फक्त ‘सुरू’, ‘थांब’ आणि ‘पुन्हा ३०’ एवढे हुकूम जाऊ द्या. दोन्ही संघांच्या मॅटवर उरलेल्या खेळाडूंचे सात-सात ठिपके दाखवलेत, तर प्रेक्षकाला खेळ न सांगता कळतो: समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस, तीन किंवा कमी असताना पकड झाली तर सुपर टॅकल. दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसऱ्या, ‘डू ऑर डाय’ रेडला पट्टीचा रंग आपोआप बदलेल असं सूत्र घाला. स्पर्धेत हे नियम लागू आहेत का, ते पंचांना आधी विचारा.

जाहिरातदारांचे लोगो

स्पर्धेचा खर्च तेच उचलतात, तेव्हा त्यांचं नाव नीट दिसणं त्यांच्या हक्काचं आहे. व्हॉट्सअॅपवर आलेला बॅनरचा फोटो वापरू नका. ज्या फ्लेक्सवाल्याने बॅनर छापला त्याच्याकडे कोरलड्रॉची मूळ फाइल असते, तिच्यातून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी काढून घ्या. लोगोभोवती पांढरी किंवा काळी कोर दिसली तर कापताना जुन्या पार्श्वभूमीचा रंग कडेला मिसळून राहिलाय असं समजा, आणि पुन्हा काढून घ्या. लोगो ओव्हर संपल्यावर मोठा दाखवा. बॉल चालू असताना स्कोअरशेजारी हलणारा लोगो नको, नजर तिकडे जाते.

प्रत्यक्ष सामन्यात

ग्राफिक्सला एक माणूस वेगळा लागतो. कॅमेरे बदलणाऱ्यानेच नावाची पट्टी आणायची म्हटलं, तर महत्त्वाच्या क्षणी दोन्ही राहून जातात. बोलायचे शब्द ठरवून घ्या: नवा बॅट्समन येताना ‘तयार’, मग ‘आण’, मग ‘काढ’. नावाची पट्टी पाच-सहा सेकंद पुरे, आणि बॉलरने धाव घ्यायच्या आधी ती गेलीच पाहिजे. येण्याजाण्याचं अॅनिमेशन अर्ध्या सेकंदाच्या आत. गोल गोल फिरणारी, चमकणारी अॅनिमेशन एखाद्या सिक्सरला ठीक. दर बॉलला नकोत.

टॉसच्या तासभर आधी दोन ओव्हरचा खोटा सामना भरून बघा: वाइड, नोबॉलवर चौका, रनआउट, चुकीची नोंद मागे घेणं, डाव बदलणं. डाव बदलताना सूत्रं सगळ्यात जास्त तुटतात, कारण लक्ष्याचा रकाना तोवर रिकामा असतो. शून्य बॉल टाकलेले असताना रनरेटच्या जागी चूक-संदेश येतो का, तेही बघा. तिथे रेघ दिसायला हवी.

आणि कॅमेऱ्यातल्या कार्डवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. ते तुमचं क्लीन फीड. अंतिम सामना संपला की आयोजक दुसऱ्याच दिवशी हायलाइट्स मागतात, आणि पट्टी कायमची बसलेल्या चित्रातून तुकडे जोडले तर स्कोअर उड्या मारताना दिसतो. कार्डवरच्या स्वच्छ चित्रावर नवी, त्या तुकड्यापुरती पट्टी बसवता येते. कार्ड ६४ जीबीचं असेल तर दोन सामन्यांच्या मध्ये ते रिकामं करायचं काम कोणाकडे, हेही सकाळीच ठरवा.